आजीचे पहिले वाक्य

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी गेली चार वर्षे प्रौढांचा साक्षरता वर्ग घेते. दिवेलागणीनंतर बायका पडवीत जमतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वर्ग भरतो आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की रोडावतो. २०२२ साली सुरू झालेला नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील सर्वांसाठी आहे. म्हणजे चौथीत शाळा सुटलेली सव्वीस वर्षांची सून आणि बहात्तर वर्षांची तिची आजेसासू या दोघीही त्यात येतात. पहिल्या वर्षी मी दोघींना एकाच पुस्तकातला एकच धडा शिकवला आणि दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग गळाला.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेले मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे मी डी.एड.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. वर्ग गळाल्यावर ते वही उघडून पुन्हा वाचले. तरुणपणी माणसापुढे जवळीक की एकाकीपणा हा प्रश्न असतो, मध्यमवयात पुढच्यांसाठी काही घडवायचे की साचून राहायचे हा, आणि म्हातारपणी जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारता येते की त्याची खंत उरते हा. माझ्या वर्गात हे तिन्ही प्रश्न एकाच सतरंजीवर बसलेले होते आणि मी मात्र सगळ्यांना 'कमळ' गिरवायला लावत होते.

सुनेचा नवरा मुंबईला असतो. त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर तिला पुतण्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि त्यामुळे नवरा-बायकोत खाजगी असे काही उरतच नव्हते. तिची अक्षरे मी तिच्याच निरोपांतून निवडली आणि तिला वर्गात मोठ्याने वाचायला कधीही सांगितले नाही.

चाळिशी-पन्नाशीच्या मासळी विकणाऱ्या बायकांबाबत माझी चूक अधिक मोठी होती. हिशेबात माझ्यापेक्षा तरबेज असलेल्या या बायकांना मी दोन अधिक तीन शिकवत होते. एके संध्याकाळी त्यांच्यातल्या एकीला मी विनंती केली, की लिलावात घेतलेल्या टोपलीचे वाटे कसे लावायचे आणि संध्याकाळ होताना भाव किती उतरवायचा, ते तरुण मुलींना समजावून सांगा. ती सांगत गेली, मी फळ्यावर आकडे मांडत गेले, आणि चौथ्या वाट्यापाशी तिने माझ्या हातातला खडू घेतला. मुलींना नीट कळावे म्हणून तिला लिहायचे होते. या वयाचा माणूस देता देता शिकतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून या बायकांना शिकवण्याचे काही काम दिल्याशिवाय मी धडा पुढे नेत नाही.

तरीही वयाची ही मोजपट्टी जशीच्या तशी लावू नये, असे माझे ठाम मत आहे. मुलगा-सून मुंबईला आणि नातवंडे गावी, अशा घरातली सत्तरीची आजी अजून एक पिढी वाढवतच असते. एरिक्सन यांनीही अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या, सामन माशावर जगणाऱ्या युरोक लोकांचे बालसंगोपन जवळून अभ्यासले होते. माणसाची वाढ ज्याच्या त्याच्या समाजात पाहावी लागते, हे त्यांच्या मांडणीच्या मुळाशीच आहे. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी वय विचारण्याआधी विचारते, "वाचता यायला लागल्यावर पहिल्यांदा काय वाचणार?"

आजेसासूचे उत्तर मी अजून विसरलेले नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, त्यानंतरच्या वर्षांत त्या सही करायला शिकल्या होत्या. त्यामुळे स्वतःचे नाव लिहिण्याचे त्यांना अप्रूप नव्हते. त्या म्हणाल्या, "बाये, माझ्या आवशीचा नाव खयच लिवलेला नाय. ता माका वाचूचा आसा." म्हणजे, आईचे नाव कुठेच लिहिलेले नाही, ते मला वाचायचे आहे.

त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवले. त्या बोलत गेल्या आणि मी त्यांचेच शब्द, त्यांच्याच मालवणीत, मोठ्या अक्षरांत उतरवत गेले. पहिले वाक्य तीन शब्दांचे होते, 'माझी आवस निवतीची', म्हणजे माझी आई निवती गावची. त्यावर बोट ठेवून वाचायला त्यांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्यांनी वही पुढे सरकवली आणि आईचे नाव त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले. आता दुसरे वाक्य चालू आहे. त्यात आईच्या माहेरच्या विहिरीचा उल्लेख आहे आणि 'विहीर' हा शब्द त्यांना अजून जड जातो.