करपलेलं सूर्यफूल

"अगं, हे करपलंय वाटतं. पाणी घालत नाहीस का?"

शेजारच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या आणि मी हातात चहा घेऊन नुसतीच उभी. बी लावल्यापासून 2 महिने वाट बघून आज उमललेलं पहिलं फूल हो ते! रंगच तसा. पिकल्या जांभळाचा, टोकाला जरा विटकरी.

काकूंनी पाकळीवरून बोट फिरवलं. मग ते बोट उन्हात धरून निरखलं. रंग लागलाय का ते! "देवाला नाही चालायचं," म्हणाल्या आणि गेल्या.

1910 साली अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये विल्मॅट कॉकरेल यांना घराजवळ रस्त्याकडेला लालसर पाकळ्यांचं एक रानसूर्यफूल दिसलं. त्यांनी ते बागेत आणलं, पिवळ्यांशी संकर केला. माझ्या कुंडीतलं हे त्याच घराण्यातलं. तेव्हाही कुणी "करपलंय" म्हणालं असेल का?

मधमाशीला मात्र काही शंका नव्हती. सकाळपासून तिथेच.

आता बी धरीन म्हणते. संकरित आहे, पुढच्या खेपेला एखादं पिवळंही निघेल. ते काकूंच्या देवाला.