कोलकात्यात कॅमेरा घेऊन चार दिवस (आणि पहिल्याच सकाळी खाल्लेली माती)

पहिल्या सकाळी मुंबईच्या सवयीने सातला उठले, चहाबिहा घेऊन मल्लिक घाटाच्या फूलबाजारात पोचेपर्यंत साडेआठ. धुकं गेलेलं, ऊन पांढरंफटक. डिसेंबरअखेरीला तिथे सव्वासहाच्या आसपासच सूर्य उगवतो आणि पाचला मावळतो, आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी, हे मला माहीत होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. तर आधी गजर नीट लावा. नदीखालून जाणारी हावड्याची मेट्रो (२०२४ पासून सुरू आहे) इतक्या पहाटे नसते, टॅक्सी करूनच जा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला हजर. झेंडूच्या माळांची भेंडोळी डोक्यावर घेऊन हमाल धावत येतात, "शोरून, शोरून!" म्हणजे बाजूला व्हा, हा शब्द पाठ करूनच जा कारण ते थांबत नाहीत आणि थांबायचं कारणही नाही, धंद्याची वेळ आहे, आपण हौशी. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकत होते आणि एकाची टोपली खांद्यावर अशी बसली की खाली सडक्या फुलांच्या चिखलात बसकणच मारली. मावसभाऊ हसून हसून मेला. टोपलीवाल्याने मात्र आधी माझा कॅमेरा उचलून दिला मग फुलं गोळा केली.

त्यानंतर फिरणं बंद केलं आणि घाटाच्या पायऱ्यांवर एका जागी दीड तास बसले. चार दिवसांतले बरे फोटो सगळे तिथले. लोक आंघोळ करतात, दाढी करून घेतात, बाजूलाच आखाडा आहे, पलीकडे हावडा ब्रिज धुक्यातून हळूहळू वर येतो. ३५ एमएमची एक लेन्स पुरली, झूम बॅगेतच राहिली. पुलावर मात्र कॅमेरा काढू नका, पोलीस हटकतात, पूल घाटावरूनच टिपा.

तिथून जेट्टीवर येऊन फेरीबोटीने बागबाजार, मग चालत कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. सरस्वतीपूजेच्या मूर्ती चालू होत्या. बांबूच्या चौकटीवर सुतळीने आवळलेला पेंढा, बोटं नाहीत, डोकं नाही, नुसता कमरेचा बाक, आणि तेवढ्यावरनंच कळतं की ही वीणा धरून बसणार आहे. पहिल्या मातीच्या हाताला एकमेटे म्हणतात, दुसऱ्याला दोमेटे. पेणचे गणपती कारखाने पाहिलेल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त मोठ्या मूर्तींचं अंग इथे साच्यातून निघत नाही. बोळ अरुंद आणि काळोखे आहेत, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) बिनधास्त वाढवा, फ्लॅश नको. आत शिरायच्या आधी कारागिराला विचारा, कॅमेऱ्याचे पैसे मागितले तर कुरकुर न करता पावती फाडा, त्यांच्या कामाच्या जागेत आपण लुडबुड करत असतो.

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे! १७४२ मध्ये आपल्या लोकांच्या स्वाऱ्यांना घाबरून खंदक खणला होता, त्याची आठवण. चहावाल्याला महाराष्ट्रातून आलो सांगितलं तर तो म्हणाला, "बोर्गी?" (म्हणजे बारगीर, त्या मराठा स्वारांना बंगालीत हेच म्हणतात) आणि मातीच्या भांड्यातला चहा मुद्दाम दचकल्यासारखा पुढे केला.

हातरिक्षावाल्यांबद्दल एकच सांगते. लांबून चोरून फोटो काढणारे बरेच दिसले, मला ते आवडलं नाही. बरेचजण बिहारकडचे, हिंदी व्यवस्थित चालते, बसून बोला, नाही म्हणाले तर राहू द्या. मला दोघे नाही म्हणाले, तिसऱ्याने स्वतःच गमछा झटकून नीट घेतला.

ट्राम आता अगदी मोजक्या मार्गांवर उरल्यात, शहराच्या मध्यभागी एस्प्लनेडला जाऊन मिळेल त्यात बसा. आणि बूट जुने न्या. माझ्या बुटांच्या खाचांतून अजून झेंडू निघतोय.