नऊ मात्रांचा जॅरो

दुपारी जेवण झाल्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो, फोनवर आपोआप एकामागून एक काहीतरी वाजत होतं आणि मधेच अल जॅरो हा अमेरिकन गायक लागला. १९८१ चा 'ब्रेकिन अवे' हा अल्बम. आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, "हे काय हॉटेलच्या लॉबीतलं लावलंयस?"

स्मूथ जॅझचं, म्हणजे पॉपकडे झुकलेल्या मऊ जॅझचं, हे नेहमीचंच आहे बघा. यातलं 'वी आर इन धिस लव्ह टुगेदर' ऐकलं तर लॉबी म्हणणाऱ्याला दोषही देता येत नाही, प्रोड्यूसर जे ग्रेडनचं प्रॉडक्शन इतकं चकचकीत आहे की कुठे एक सुरकुती सापडायची नाही.

पण याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूला 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' आहे आणि तिथे माझ्या घड्या थांबतात. मूळ रचना जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची, १९५९ ची. इस्तंबूलमध्ये रस्त्यावरच्या वादकांकडून ही लय त्याने ऐकली होती. नऊ मात्रांचा हिशोब, पण तीन-तीन-तीन असा सरळ नाही. एकदोन, एकदोन, एकदोन, एकदोनतीन, असं तीनदा, मग चौथ्या खेपेला तीन-तीन-तीन. जॅरोने त्यावर स्वतः शब्द लिहिले आणि ते असे धावत गातो की श्वास कुठे घेतो ते मला अजून सापडलेलं नाही.

मला गाणं नुसतं ऐकताच येत नाही, बोटं आपोआप मोजायला लागतात. लग्नाच्या पंगतीत मागे बॅण्ड वाजत असला तरी डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत असतो. हे सगळं तबल्याच्या क्लासचं देणं. आमचे गुरुजी आधी तबल्याला हातच लावू द्यायचे नाहीत, सतरंजीवर मांडी घालून नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, टाळी-खाली हातावर दाखवायची, शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतोय, पोटात कावळे ओरडतायत आणि तोंडाने धा धिं धिं धा. "तोंडात नाही ते हातात कुठून येणार?" हे त्यांचं ठरलेलं. मला तेव्हा वाटायचं हा माणूस फी वसूल करायला वेळ काढतोय.

जॅरो तोंडाने काय वाट्टेल ते वाजवायचा, ड्रम म्हणू नका, बास म्हणू नका. आमच्या गुरुजींनी त्याला थेट पुढच्या रांगेत बसवला असता!

आणि हा माणूस मूळचा गाण्याच्या धंद्यातलाही नाही. सायकॉलॉजी शिकलेला, सॅन फ्रान्सिस्कोत रिहॅबिलिटेशन काउन्सेलर म्हणून नोकरी करणारा. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीकडून 'वी गॉट बाय' हा अल्बम आला १९७५ मध्ये, म्हणजे पस्तिशीत. आपल्याकडे पस्तिशीत लोक होमलोनचे हप्ते मोजतात, मीही तेच करत होतो. पुढे १९८२ च्या ग्रॅमीत 'ब्रेकिन अवे'साठी पॉप गायकाचं बक्षीस आणि याच रोंडोसाठी जॅझ गायकाचं. म्हणजे लॉबीवाले आणि मात्रा मोजणारे, दोघंही खूश.

२०१७ च्या फेब्रुवारीत थकव्यामुळे टूर बंद करतोय असं जाहीर झालं आणि काही दिवसांतच तो गेला. शहात्तर वर्षांचा होता. निवृत्ती म्हणजे तेवढीच.