रौप्यपदकं मोजा

भुवनेश्वरला २०२० साली पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी पदकांच्या तक्त्यात वरची दोन नावं होती चंदीगडचं पंजाब विद्यापीठ आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. दोघांची सुवर्णपदकं १७. तरी पहिला नंबर चंदीगडचा, कारण त्यांची रौप्यपदकं १९ होती आणि पुण्याची ११. एकूण ४६ विरुद्ध ३७.

आपल्याकडे हळहळ झाली ती "अजून एक सुवर्ण पडलं असतं तर" अशी. मी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात क्रीडा विभागाची संचालक होते, आता निवृत्त आहे. मला त्या सुवर्णाचं काही वाटलं नाही. माझी नजर त्या आठ रौप्यपदकांच्या फरकावर अडकली. तेव्हापासून कुठल्याही विद्यापीठाचा निकाल हातात आला की मी आधी दुसरा रकाना बघते.

सोनं पोरीनं माहेराहून आणलेलं असतं. सासरनं काय घातलं ते चांदीवरून कळतं. आमच्याकडे येणारी अव्वल खेळाडू आधीच घडलेली असते. कोल्हापूरच्या तालमीत, साताऱ्याच्या धनुर्विद्येच्या मैदानावर, नाशिकच्या डोंगराळ रस्त्यांवर कुणीतरी गुरुजी पहाटे पाचला शिट्टी घेऊन उभे असतात आणि मग त्या मुलीच्या छातीवर आम्ही विद्यापीठाचा नंबर लावतो. ती जिंकते, आम्ही फोटोत उभे राहतो. दुसरी-तिसरी येणारी मुलगी मात्र थोडी कमी गुणवत्तेची असते. तिला पंधरा दिवसांचं शिबिर, वेळेवर मिळालेले बूट, झोप झालेला प्रवास आणि गुडघा बघणारी फिजिओ लागते. एवढं मिळालं तर ती चौथ्याची दुसरी होते. नाही मिळालं तर ती चौथीच राहते आणि चौथ्या नंबराचा तक्त्यात रकाना नसतो.

तक्ताही फसवतो, हे सांगायला हवं. पुढची स्पर्धा २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये बंगळुरूला झाली. यजमान जैन विद्यापीठ २० सुवर्णांनिशी पहिलं आलं. त्यांची एकूण पदकं ३२. दुसऱ्या नंबरच्या लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटीची सुवर्णं १७, पण एकूण पदकं ५१. जैनच्या शिवा श्रीधर या एकट्या जलतरणपटूनं सात सुवर्णं काढली. त्याच्या कर्तृत्वाला माझा सलामच आहे. पण विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला यातलं गणित लगेच दिसतं. कबड्डीचा बारा जणींचा संघ, त्यांचं शिबिर, प्रवास, मुक्काम, मॅनेजर, प्रशिक्षक, सगळं करून पदक मिळतं एक. तलावात एक मुलगा सात आणतो. कुलगुरूंना तक्त्यात नाव हवं असेल तर पैसा जलतरणावर, नेमबाजीवर, कुस्तीच्या वजनगटांवर घालायचा आणि सांघिक खेळांना चहा-बिस्किटावर ठेवायचं, हा सरळ हिशेब आहे. काही ठिकाणी तो केलाही जातो. मी स्वतः खो-खोची. भुवनेश्वरच्या सतरा खेळांत खो-खो नव्हताच, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती आहे असं समजू नका.

खाजगी आणि सरकारी विद्यापीठांत आणखी एक फरक आहे, घडणीचा. खाजगी विद्यापीठात खेळाडू, वसतिगृह, मेस, जिम आणि प्रशिक्षक एकाच कुंपणात असतात. आपली सरकारी विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांची. पुणे विद्यापीठाचंच घ्या: पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक, तीन जिल्ह्यांत पसरलेली महाविद्यालयं. संचालकाचे खेळाडू त्याच्याजवळ नसतातच. ते तालुक्याच्या कॉलेजात असतात, तिथल्या फिजिकल डायरेक्टरच्या, म्हणजे कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाच्या, भरवशावर, आणि तो बिचारा एकाच वेळी शिस्त समिती, जयंत्या-पुण्यतिथ्या आणि निवडणुकीचं काम सांभाळत असतो. म्हणून या खुर्चीतलं पहिलं काम मैदान बांधणं नव्हे. तालुक्यातले आठ-दहा जीव ओतून काम करणारे फिजिकल डायरेक्टर शोधायचे आणि त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा.

खेळात देशात सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ साली सुरू झाला आणि पहिला मान मुंबई विद्यापीठाला मिळाला, हे आज मुंबईतल्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. नंतर तो पंजाबकडे गेला आणि बहुतेक तिकडेच राहिला. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं तो वीसहून जास्त वेळा नेला आहे. आपल्याकडे याला उत्तर ठरलेलं असतं: "त्यांची शरीरयष्टी वेगळी, त्यांचं खाणं-पिणं वेगळं." शरीरयष्टीचं माहीत नाही, पण त्या खाण्याचे पैसे कुणीतरी मंजूर केलेले असतात.

आता खरं काम. ते मैदानावर दिसत नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धांचं वेळापत्रक भारतीय विद्यापीठ संघाकडून, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या संघटनेकडून येतं. आपण पश्चिम विभागात. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा आपल्याबरोबर. स्पर्धांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून पेटतो आणि नेमक्या तेव्हाच आपल्या सत्र परीक्षा असतात. खेळाडूला निवड करावी लागते: पेपर की संघ. हुशार मुली पेपर निवडतात आणि त्यांचं चुकतं असं मी कधी म्हटलं नाही. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश कुठलं विचाराल तर ते पदक नाही. परीक्षा विभागाचं एक परिपत्रक आहे: विद्यापीठाच्या संघात असलेल्या खेळाडूचा बुडालेला पेपर त्याच सत्रात विशेष परीक्षेनं घ्यावा. दीड पानाचं. ते निघावं म्हणून परीक्षा नियंत्रकांच्या केबिनबाहेर मी इतका चहा प्यायले की शिपाई साखर विचारायचा थांबला. त्यानंतरच्या हंगामात विज्ञान शाखेच्या मुली संघाच्या निवड चाचणीला येऊ लागल्या. प्रात्यक्षिक परीक्षेचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. बाहेरचे परीक्षक एकदाच येतात, ते काही हॉकीच्या गोलकीपरसाठी परत येत नाहीत.

मग प्रवास. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आलं. आपला संघ ठरतो स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी. म्हणजे ज्या दिवशी नावं कळतात त्या दिवशी वेटिंग शंभराच्या पुढे. मग सोळा मुली सहा बर्थवर, बॅगा डोक्याखाली, एक जण दाराशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सामना. हरल्यावर वर्तमानपत्रात येतं की मुली दबावाखाली खेळल्या. दबाव कसला, झोप झाली नव्हती. यावर उपाय साधा आहे, पण भांडण ओढवून घेणारा आहे: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकायच्या, संभाव्य खेळाडूंची यादी तेव्हाच लावायची, तिकिटं त्या यादीवर काढायची. यादीबाहेरच्या कॉलेजांचे प्राचार्य फोन करतात. करू द्यावेत.

अग्रिमाचा, म्हणजे दौऱ्याच्या खर्चासाठी आधी उचललेल्या रकमेचा, घोळ तर बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. संघाचा पैसा मॅनेजरच्या वैयक्तिक नावावर निघतो. परत आल्यावर त्यानं पावत्या लावून हिशेब द्यायचा. तो मंजूर होईपर्यंत पुढचा अग्रिम नाही. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रिक्षावाल्यानं पावती दिली नाही, की तेवढे पैसे मॅनेजरच्या खिशातून. परिणाम असा की दोनदा पोळलेला चांगला शिक्षक तिसऱ्यांदा "घरी अडचण आहे" म्हणतो आणि संघाबरोबर असा माणूस जातो ज्याला गाव बघायचं असतं. आमच्या लेखा विभागात एक क्लार्क होते, स्वतः जुने व्हॉलीबॉलपटू. त्यांना मी विनंती केली की संघ परत येईल त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे येऊन बसा. मॅनेजर बॅग खाली ठेवायच्या आधी पावत्या त्यांच्या हातात. फक्त एवढ्यानं चांगले मॅनेजर परत मिळाले. याला कुणी नेतृत्व म्हणत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात: दरपत्रकं, सर्वांत कमी दर, खरेदी समितीची बैठक, आणि ट्रॅकसूट येतात फेब्रुवारीत. हंगाम संपलेला असतो. मापं मुलांची असतात. पुढे जाऊ या.

मुलींच्या संघाबद्दल मात्र थांबायला हवं. एका तालुक्यात थाळीफेकीची एक मुलगी होती, हात असा की बघत राहावं. चाचणीत पहिली आली आणि शिबिराला आलीच नाही. मी कॉलेजच्या सरांना घेऊन घरी गेले. वडील ओट्यावर बसलेले, बोलायला तयार नाहीत. आईनं चहा आणला. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, "बाई, आठ दिवस पोरगी कुठं झोपणार, ते सांगा."

मी स्पर्धेचं महत्त्व, प्रमाणपत्र, नोकरीतलं आरक्षण असं बरंच घोकून गेले होते. त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. मी वसतिगृहाचं नाव सांगितलं, खोलीत किती जणी, दाराला आतून कडी आहे का, बरोबर कोण मॅडम, त्यांचा नंबर.

"तुम्ही सोता जाणार का?"

"जाते."

"मग न्या."

त्या मुलीला त्या वर्षी पदक मिळालं नाही, पाचवी आली. पण तिच्यामागून त्याच गावातल्या अजून मुली चाचणीला आल्या, कारण आता गावात फोन करायला एक माणूस होता. त्यानंतर मी नियमच केला: प्रत्येक मुलीच्या घरी जाणाऱ्या पत्रात मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि बरोबरच्या मॅडमचा मोबाइल नंबर. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड. त्या खरेदीवर लेखापरीक्षणात शेरा आला होता, "क्रीडा साहित्य नाही". मी खाली लिहिलं, "आहे".

आयात खेळाडूंचा विषय टाळता येत नाही. दरवर्षी जूनमध्ये फोन येतो: "मॅडम, चार पैलवान आहेत, राष्ट्रीय पदकवाले, एम.ए.ला प्रवेश द्या, फी माफ करा, पदकं तुमची." हे बेकायदेशीर नाही. प्रवेश खरा असतो, वयाची २५ वर्षांची मर्यादाही पाळलेली असते. पण असा पैलवान आमच्या आखाड्यात पाय ठेवत नाही, थेट स्पर्धेच्या ठिकाणी उतरतो आणि तिथूनच घरी जातो. आपल्या साठ किलोच्या मुलाला त्याच्याशी सराव करायला मिळाला असता तर मी फोनवर लगेच हो म्हटलं असतं. वर्षभर इथं राहून खेळायला तयार असेल तर हरियाणाचा असो की मणिपूरचा, माझी हरकत नव्हती. ही अट ऐकल्यावर बहुतेक फोन तिथंच संपायचे.

खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं, ही गोष्ट आपण प्रत्येक क्रीडादिनाच्या भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. खर्डेकर मोठेच होते. पण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तेही कांस्य, एका प्राचार्याच्या घरावर उभं राहिलं याची लाज कुणाला तरी वाटायला हवी होती. आजही कुलगुरू व्यासपीठावरून ही गोष्ट सांगतात आणि खाली उतरून शिबिराच्या आहारभत्त्याची फाइल "चर्चा करावी" म्हणून परत पाठवतात.

परवा एका विद्यापीठात नव्यानं रुजू झालेल्या संचालकांचा फोन आला होता. तरुण आहे, माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, कुलगुरू म्हणतायत पुढच्या वर्षी पहिल्या दहात यायचं. सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, मागच्या हंगामाचे न मिटलेले अग्रिम आधी काढ आणि ते कुणाचे आहेत बघ. परीक्षा नियंत्रकांना जाऊन भेट, फोन करू नकोस. मागच्या वर्षी चौथ्या ते आठव्या नंबरावर आलेल्यांची यादी कर. पहिल्यांची तुझ्याकडे असेलच. आणि मुलींचे तीन आणि चार नंबरचे स्पाइक्स, ते धावायचे खिळ्यांचे बूट, जूनमध्येच मागव. दुकानदार म्हणेल, या मापात येत नाहीत. येतात.