जुन्या स्टिरिओसाठी परवडणारा डिजिटल प्लेअर

घरातील स्टिरिओ अजून उत्तम वाजत असताना, केवळ संगणकात साठवलेले संगीत त्यावर ऐकता यावे म्हणून महागडे उपकरण घेणे मला पटत नव्हते. ॲम्प्लिफायरच्या मागे एक लाइन इनपुट (बाहेरच्या उपकरणाचा ध्वनी घेणारी जोडणी) रिकामा असला, तर कमी खर्चात काम होते.

पहिला प्रयत्न मी जुन्या मोबाइलच्या हेडफोन जोडणीतून केला. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत संकेत देतो, मोबाइल बहुधा त्याहून बराच कमी, त्यामुळे आवाज फार वाढवावा लागे. शिवाय मध्येच फोन वाजला की रंगात आलेली बढत तुटे, आणि ते मला सहन होत नसे.

शेवटी मी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक निवडला. त्याच्या काही आवृत्त्यांना ३.५ मिलिमीटरची ध्वनिजोडणी असते, परंतु तिचा दर्जा चांगल्या स्टिरिओला साजेसा नाही. म्हणून डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा वेगळा डॅक घ्यावाच, आणि वाचवलेले पैसे इथेच खर्च करावेत असे माझे ठाम मत आहे. सीडीवरील ध्वनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि फ्लॅक स्वरूपात तो काहीही न गमावता बरीच कमी जागा घेतो, त्यामुळे मोठमोठ्या आकड्यांच्या डॅकची मला गरज भासली नाही.

व्होल्युमिओ या संगीत वाजवणाऱ्या प्रणालीची मोफत आवृत्ती रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर टाकली की नियंत्रण मोबाइलच्या ब्राउझरमधून होते. फक्त वीज थेट तोडू नये, कारण त्याने कार्डावरील माहिती बिघडू शकते. आधी प्रणाली रीतसर बंद करावी.