चहाचा सेंट, चाचणी ११: चाळिसाव्या मिनिटाचं कोडं

मंडळी, चाचणी ७ पासून छळणारं कोडं सुटलं. मनगटावर लावल्यावर पहिली वीस मिनिटं सुरेख: बर्गमॉटची (लिंबाच्या जातीचं फळ) साल, तिच्याखाली कोऱ्या चहाची वाफ. चाळिसाव्या मिनिटाला चहा गायब, मागे नुसता धुतलेल्या कापडाचा पुसट वास. ८, ९ आणि १० मध्ये यावर एकच औषध चाललं होतं, बीटा आयनोन (व्हायोलेटच्या फुलासारखा वास देणारं रसायन) वाढवायचं. १० ग्रॅम अर्कात, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या वासद्रव्यांच्या मिश्रणात, ०.२० वरून ते ०.६० ग्रॅमवर गेलं. जितकं वाढवलं तितका चहा लवकर पळाला.

उलगडा झाला दोन नाकांच्या चाचणीत. लावणाऱ्याला काही येईना, पण त्याच वेळी बाहेरून खोलीत आलेल्याला दोन हात अंतरावरून चहा कळला. वास जागेवरच होता, लावणाऱ्याचं नाक बधिर झालं होतं. आयनोन नाकाला लवकर थकवतं, आणि एका वासग्राही जनुकातल्या फरकामुळे बीटा आयनोन काहींना जन्मतःच नीट कळत नाही. आयसो ई सुपर (लाकडासारखा वास) आणि गॅलॅक्सोलाइड (कस्तुरीसारखा वास) या रसायनांचीही हीच खोड: काहींना येतात, काहींना नाहीत. तिन्ही एकाच अर्कात भरल्यावर दुसरं काय होणार?

आयनोन काढूनही चालत नाही. चहाच्या पानातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांचं विघटन होताना तेच तयार होतं. झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच सेंटकाराने १९९२ मध्ये बुल्गारी कंपनीसाठी केलेल्या हिरव्या चहाच्या सेंटचा सांगाडाही हेडिओन (जाईसारखा हलका वास देणारं रसायन) आणि आयनोनचाच. म्हणून ११ मध्ये आयनोन ०.१५ ग्रॅमवर आणलं. सुटलेल्या ०.४५ पैकी ०.२५ माते अॅब्सोल्यूटच्या (येर्बा माते या दक्षिण अमेरिकेतल्या चहासारख्या पानाचं दाट सुगंधी सत्त्व) १० टक्के द्रावणाला, ०.१५ हेडिओनला (एकूण ३.६५), ०.०५ वाळ्याच्या तेलाला. माते अॅब्सोल्यूटचा सुक्या गवतासारखा कडवटपणा नाकाला झोपू देत नाही. गॅलॅक्सोलाइड ०.८० च ठेवलंय, पुढच्या खेपेला निम्मं करून बघायचं.

१२ टक्क्यांवर, म्हणजे १.२ ग्रॅम अर्क आणि ८.८ ग्रॅम अल्कोहोल, दोन आठवडे मुरवून लावला. आता लावणाऱ्यालाही अडीच तास चहा कळतो. तेवढ्यावर खूश आहे बघा! मातेतल्या मेणामुळे बाटली गढूळ होते. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. गरम झाल्यावर गाळलं तर मेण परत विरघळतं आणि गाळणं फुकट.

बर्गमॉटचं तेल बर्गाप्टेन (उन्हात कातडीला बाधणारा घटक) काढलेलंच घ्या, नाहीतर उन्हात गेल्यावर कातडीवर काळे डाग पडतात. यंदा एका पुरवठादाराकडून आलेली बाटली उघडताच टर्पेंटाइनसारखा वास: हवा लागून ऑक्सिडाइझ झालेला, म्हणजे खराब झालेला माल. अर्धी रिकामी बाटली कधी घेऊ नये. आपली शिल्लकही लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवावी.

पुढे गवती चहा घालायचा बेत होता. बेळगावात चहाच्या पातेल्यात ती पात नसली तर कुणाला चहा वाटतच नाही! गवती चहाला वास देणाऱ्या सिट्रालचं १ टक्का द्रावण ०.१० ग्रॅम घालून पाहिलं: ठीक. ०.३० वर फरशी पुसायच्या लिंबू फिनेलचा भास. म्हणून ०.१० वरच थांबायचं.

हे लिहिता लिहिता निपाणीच्या तंबाखूचं पान अल्कोहोलात भिजवायचं डोक्यात आलं. माते आणि तंबाखू जमतात छान. पण घरी भिजवलं की निकोटीनही उतरतं आणि कातडीतून शरीरात जातं, तेव्हा ते बाद. निकोटीनमुक्त तंबाखू अॅब्सोल्यूट मिळालं तर १ टक्का द्रावण, ०.१५ ग्रॅमपासून सुरुवात. तोवर चाचणी १२ मध्ये मातेबरोबर कूमरीन (सुक्या गवतासारखा गोडसर वास देणारं रसायन) ०.०५ ग्रॅम, आणि सिट्राल तसंच.