तुम्ही विचारलंत म्हणून: सलाईन चालू आहे ना, मग ती पांढरी पिशवी कशाला?

सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न काही सुटत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, तोंडाने काही द्यायचं नाही, आणि नातेवाईक म्हणतात, सिस्टर, सलाईन चालूच आहे की, मग ही दुधासारखी पिशवी अजून कशाला?

हिशोबच सांगते. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. नॉर्मल सलाईन तर नुसतं मीठपाणी. ६० किलोच्या माणसाला ऑपरेशननंतर दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी लागतात आणि वर ७०-९० ग्रॅम प्रोटीन, ते तर सलाईनमध्ये औषधालाही नसतं. चार दिवस निभावतं हो, पण आतड्याचा जोड लीक झाला किंवा आतडी हलायलाच तयार नाहीत आणि आठवडा उलटला, की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, मग जखम भरणार कशाच्या जिवावर?

ही पांढरी पिशवी म्हणजे शिरेतून दिलं जाणारं जेवण. तिच्यात तीन कप्पे असतात, ग्लुकोज, अमिनो ॲसिड आणि फॅट. पांढरा रंग फॅटचा, बऱ्याचदा ते सोयाबीनचं तेलच असतं, अंड्यातल्या लेसिथिनने पाण्यात मिसळलेलं. लावायच्या आधी पिशवी वरून घट्ट गुंडाळत आणायची, मधले सील फट्दिशी सुटतात आणि ती हातात एकदम ढिली पडते. मग उलटसुलट करून नीट बघायचं, तेलाचा पिवळट थर सुटलेला दिसला तर पिशवी बाद. एवढं घट्ट द्रावण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही म्हणून मानेतून किंवा दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत लाईन, म्हणजे बारीक नळी, टाकतात. आणि त्या लाईनला उगाच हात लावला की मी ओरडते, कारण जंतू शिरले तर थेट रक्तात. पेशंटला हुडहुडी भरून ताप आला की आमचा पहिला संशय तिच्यावरच.

"स्पीड वाढवा ना, लवकर ताकद येईल" हेही रोजचंच. नाही वाढवत. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर साखर दिली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन उतरतं आणि हृदयावर बेततं. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर खायला घातलं तेव्हा हेच झालं होतं. म्हणून आधी बी-वन व्हिटॅमिन, मग थोडं थोडं, आणि बोटातून शुगर तपासणं चालूच.

आता उलटा किस्सा. एक काका सोळा दिवस पिशवीवर होते, वजन टिकलं, चेहऱ्यावर तजेला आला. मुलगा म्हणाला, छान मानवतंय, राहू द्या अजून महिनाभर. अहो, आतड्याला काम नसलं की त्याचं अस्तर पातळ होतं, पिशवी फार दिवस चालली तर लिव्हरही कुरकुरतं. आतडं चालत असेल तर आधी तेच वापरायचं, पिशवी फक्त तोवरची सोय. आणि काकांना विचारलंत तर ते वेगळंच सांगायचे, कॅलरी पूर्ण जातायत पण पोट रिकामंच, भूक काही शिरेतून भागत नाही म्हणे. सतराव्या दिवशी डॉक्टरांनी पाणी सुरू करायला सांगितलं. मी ३० मिली मोजून दिलं. काकांनी कप उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढंच?"